पारलिंगी किशोरांची प्राथमिक वैद्यकीय देखभाल : पाळकीय दृष्टीतून एक विचार

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका लहान धर्मग्रामात आम्ही सेवा करीत असता घडलेला एक प्रसंग प्रथम नमूद करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत.

जन्मनोंदीनुसार मुलगी असलेले एक चौदा वर्षांचे लेकरू धर्मशिक्षणाच्या वर्गाला नियमाने येत असे. बेळगाव-कोल्हापूरकडील बोलीत मुलीही ‘मी येतो, मी जातो’ असे म्हणतात, हे त्या भागातील वाचकांस ठाऊकच आहे. त्यामुळे हे लेकरू तसे बोले तेव्हा कोणासही वावगे वाटत नसे. आम्ही मात्र सेमिनरीत घोटलेल्या प्रमाण मराठीच्या अभिमानाने एके दिवशी सर्वांसमक्ष त्याला थांबवले आणि म्हटले, “‘मी येतो’ नव्हे, ‘मी येते’ म्हण. तू मुलगी आहेस ना?” वर्ग हसला. पुढच्या रविवारी ते लेकरू आले नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आले नाही.

तीन महिन्यांनी त्याची आई आमच्याकडे आली. “फादर, पोर नीट जेवत नाही, शाळेचं नाव काढत नाही. घरातला आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. म्हणतंय, मी मुलगी नाहीच. कुणाची नजर लागली असेल तर प्रार्थना करा, नाहीतर सिस्टरांच्या बोर्डिंगात ठेवून घ्या,” असे ती म्हणाली. आम्ही प्रार्थना केली आणि बोर्डिंगसाठी पत्रही लिहावयास घेतले. ते पत्र पुरे झाले नाही, ही परमेश्वराची कृपा. त्याच आठवड्यात लेकराला धाप लागू लागली म्हणून आईने त्याला गावातील डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांना असे आढळले की, फाटक्या साडीच्या पट्टीने त्याने छाती इतकी आवळून बांधली होती की बरगड्यांवरील कातडी सोलवटली होती. बाईंनी मलमपट्टी केली, आईला क्षणभर बाहेर बसवले आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला : “तुला कोणत्या नावाने हाक मारू?” दुसरा : “कधी जगू नये असे वाटते का?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले.

ही हकीकत आईच्या तोंडून ऐकल्यावर आम्हांस आपल्या अज्ञानाची लाज वाटली. जे आम्ही तीन महिने विचारले नाही, ते एका डॉक्टरबाईंनी तीन मिनिटांत विचारले होते. अशी कुटुंबे पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी धर्मगुरूकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येतात. यास्तव या मुलांची वैद्यकीय देखभाल म्हणजे नेमके काय, तिच्यात निश्चित काय आहे व वादग्रस्त काय आहे, आणि आपले कर्तव्य कोठे सुरू होते व कोठे संपते, याचा क्रमाने विचार करावा असे आम्ही योजले आहे.

१. शब्दांचा अर्थ

जन्माच्या वेळी शरीरावरून ठरवलेले लिंग आणि स्वतःविषयीची आंतरिक जाणीव यांचा मेळ ज्या व्यक्तीत बसत नाही, तिला आज मराठीत ‘पारलिंगी’ किंवा ‘ट्रान्सजेंडर’ म्हणतात. ‘तृतीयपंथी’ हा शब्दही रूढ आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘किन्नर’ म्हणतात. सौंदत्तीच्या यल्लम्माशी निगडित ‘जोगप्पा’ बेळगाव जिल्ह्यातील वाचकांच्या परिचयाचे आहेत. तथापि हे शेवटचे दोन शब्द एका समाजाचे, परंपरेचे व जीवनपद्धतीचे वाचक आहेत. चौदा वर्षांचे लेकरू आपली व्यथा सांगते तेव्हा आईबापांच्या डोळ्यांपुढे हीच एक वाट उभी राहते. आपले मूल टाळी वाजवीत रस्त्यावर जाईल किंवा देवीला सोडावे लागेल, या भयाने ते गर्भगळित होतात. हे भय ओळखल्याशिवाय त्यांच्याशी केलेला कोणताही संवाद वाया जातो. लेकराचे शिक्षण, घर व मंडळी यांपैकी काहीही सुटण्याचे कारण नाही, हे त्यांना प्रथम सांगितले पाहिजे.

आणखी दोन भेद ध्यानी घ्यावेत. पहिला भेद ‘आंतरलिंगी’ मुलांचा. त्यांच्या शरीररचनेतच, म्हणजे गुणसूत्रांत, ग्रंथींत किंवा अवयवांत, जन्मतः वेगळेपण असते. तो निराळा वैद्यकीय प्रश्न होय. अशा अर्भकांवर व बालकांवर लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया होऊ नयेत, जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, असा निर्देश मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि तामिळनाडू शासनाने त्याच वर्षी तसा आदेश काढला. दुसरा भेद अधिक नित्याचा आहे. मुलीने विटीदांडू खेळणे, केस कापणे, किंवा मुलाने रांगोळी काढणे हे पारलिंगीपणाचे लक्षण नव्हे. बोलीतील क्रियापदाचे रूप तर नव्हेच. डॉक्टर ज्याकडे लक्ष देतात ते म्हणजे दीर्घकाळ टिकणारी, वयात येताना तीव्र होणारी आणि जेवणखाण, झोप, शाळा यांवर परिणाम करणारी वेदना.

ही वेदना वेड आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली. ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत लिंगभावातील ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात ठेवली आहे. उपचाराची गरज भासू शकते म्हणून तिला वर्गीकरणात स्थान आहे, परंतु ती मनोरुग्णता नव्हे, असा त्याचा अर्थ. अशा लेकराला नैराश्य येऊ शकते. ते नैराश्य मात्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

२. प्राथमिक सेवेत काय घडते

‘पुष्टिदायी देखभाल’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात शस्त्रक्रियेचे चित्र उभे राहते. हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. प्राथमिक स्तरावरील देखभाल, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा किशोरांसाठीचे चिकित्सालय येथे जे घडते ते, बहुतांशी साधे आहे. केंद्र शासनाने ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी मैत्रीपूर्ण चिकित्सालयांची योजना आहे. ही चिकित्सालये महाराष्ट्रात ‘मैत्री’, कर्नाटकात ‘स्नेहा’, तर मध्य प्रदेशात ‘उमंग’ या नावाने ओळखली जातात. ती खास पारलिंगी मुलांसाठी नाहीत. परंतु किशोराचे एकांतात ऐकून घेण्याची आणि समुपदेशनाची सोय तेथे अभिप्रेत आहे.

जाणता डॉक्टर अशा लेकराच्या बाबतीत पुढील गोष्टी करतो. तो त्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे विचारतो व त्या नावाने बोलतो. आईवडिलांशी एकत्र आणि लेकराशी एकटे, असे दोन्ही प्रकारे बोलतो. झोप, भूक, शाळेतील छळ, घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती यांची चौकशी करतो. गरज नसता शरीर उघडे करावयास लावत नाही. तपासणी आवश्यक असेल तर आधी कारण सांगतो व संमती घेतो. छाती आवळून बांधल्याने श्वास कोंडतो, बरगड्या दुखतात, कातडी फाटते. म्हणून रात्री बांधू नये, चिकटपट्टी वा आवळ पट्टी वापरू नये, हे समजावतो. मासिक पाळीमुळे असह्य क्लेश होत असतील तर स्त्रीरोगांत नित्य वापरल्या जाणाऱ्या औषधांनी पाळी थांबवता येते काय, याचा विचार करतो. शाळेतील स्वच्छतागृहासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीसाठी मुख्याध्यापकांना पत्र देतो. ही मुले कित्येकदा शाळेत दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग मूत्रमार्गाच्या विकाराने आजारी पडतात.

एक धोका विशेष सांगितला पाहिजे. ज्यांना डॉक्टरांचे दार बंद वाटते, ती मुले औषधांच्या दुकानातून वा मित्रांकडून स्वतःच औषधे मिळवतात. आपल्या देशात मुलगा म्हणून वाढवलेल्या पारलिंगी मुली गर्भनिरोधक गोळ्या अतिप्रमाणात घेतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांत गाठी होऊन जीवावर बेतू शकते. काही जण अप्रशिक्षित हातांनी केलेल्या छेदनाला बळी पडतात. म्हणून दार बंद केल्याने मूल सुरक्षित होते, ही समजूत चुकीची आहे. बंद दाराबाहेर त्याला दुसरा कोणी तरी भेटतोच.

याउलट उघड्या दाराचे एक उदाहरण हैदराबादेतील वाचकांस परिचित असेल. नारायणगुडा येथे जानेवारी २०२१ मध्ये ‘मित्र’ नावाचे चिकित्सालय सुरू झाले. तेथे पारलिंगी व्यक्तींना सामान्य आजार, मनोविकार आणि संप्रेरके या सर्वांविषयी एकाच छताखाली सल्ला मिळे, व त्या समाजातील व्यक्तीच तेथे सेवा देत. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची परदेशी मदत थांबली तेव्हा ते बंद पडले. त्याच वर्षी ‘सबरंग’ या नव्या नावाने ते पुन्हा उघडले. प्रौढ येणाऱ्यांचेच ते मुख्यतः होते. तथापि माणसाला त्याच्या नावाने हाक मारून तापाचेही औषध देता येते, हा धडा त्यापासून घेण्याजोगा आहे.

३. तज्ज्ञांचे उपचार व त्यांविषयीचा वाद

प्राथमिक डॉक्टरच्या पुढची पायरी तज्ज्ञांची : बालकांच्या मनोविकारांचे जाणकार आणि संप्रेरकांचे जाणकार. येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण अर्धवट माहितीने येथेच अनर्थ होतो.

किशोरांना औषधे देण्याची पद्धत मुख्यतः नेदरलँड्समध्ये विकसित झाली. उट्रेख्ट येथे व पुढे ॲमस्टरडॅम येथे मानसशास्त्रज्ञ पेगी कोहेन-केटेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. पद्धत अशी : वयात येणे सुरू झाल्यानंतर, त्याआधी नव्हे, ते काही काळ रोखून धरणारी औषधे द्यावयाची. त्यायोगे विचारासाठी अवधी मिळतो. त्यानंतर सुमारे १६ व्या वर्षी पूर्ण परीक्षणांती स्त्री वा पुरुष संप्रेरके, आणि जननेंद्रियांची शस्त्रक्रिया प्रौढत्वीच. संप्रेरकतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २०१७ साली दिलेली मार्गदर्शक तत्त्वे सामान्यतः याच क्रमाची आहेत. सबळ कारण असल्यास संप्रेरके १६ वर्षांपूर्वी देण्यास त्यांत वाव आहे. वयात येण्यापूर्वी बालकाला कोणतेही संप्रेरक वा रोधक औषध देण्याची शिफारस त्यांत नाही. ही एकच गोष्ट आईबापांना सांगितली तरी अर्धे भय ओसरते.

या औषधांच्या परिणामांविषयी मात्र आज जगातील वैद्यकांत मतभेद आहे आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोधक औषधांच्या काळात हाडांची घनता अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. संप्रेरकांचे काही परिणाम, उदाहरणार्थ घोगरा झालेला आवाज, परत फिरत नाहीत. अपत्यप्राप्तीच्या क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. फिनलंडने २०२० साली व स्वीडनने २०२२ साली अल्पवयीनांसाठी हे उपचार मर्यादित केले. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षणाचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या उपचारांच्या लाभाचा पुरावा दुर्बळ आहे, अठराच्या आत संप्रेरके देताना अत्यंत सावधगिरी बाळगावी, आणि प्रत्येक मुलाचे सर्वांगीण परीक्षण व्हावे, असे त्यात म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश शासनाने संशोधनाव्यतिरिक्त रोधक औषधांच्या नव्या वापरावर अनिश्चित काळासाठी बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली या देखभालीस दिलेला पाठिंबा २०२३ साली कायम ठेवला आणि त्याचबरोबर पुराव्याचे पद्धतशीर परीक्षण हाती घेण्याचे ठरवले. तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अल्पवयीनांसाठी असे उपचार मनाई करणारा टेनेसी राज्याचा कायदा वैध ठरवला.

या वादाचा आधार घेऊन काही जण म्हणतात की, सर्व देखभालच त्याज्य आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. वाद आहे तो काही औषधांविषयी, त्यांच्या वयाविषयी व पुराव्याविषयी. लेकराला आदराने वागवावे, त्याचा छळ थांबवावा, नैराश्यावर उपचार करावे, याविषयी कॅस अहवालाचेही दुमत नाही. या मुलांना इतर मुलांइतकीच चांगली सेवा मिळाली पाहिजे, हाच त्याचा आग्रह आहे.

या साध्या गोष्टींचे मोल किती, याचे एक गमक आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२९ पारलिंगी तरुणांना, त्यांनी निवडलेल्या नावाने घरी, शाळेत, कामावर व मित्रांत हाक मारली जाते काय, असे विचारले होते. जितक्या अधिक ठिकाणी ते नाव वापरले जाई, तितके नैराश्य व आत्महत्येचे विचार कमी आढळले. पाहणी लहान आहे आणि एक गोष्ट दुसरीचे कारणच आहे असे तीवरून सिद्ध होत नाही. तरी एका हाकेसाठी काही खर्च पडत नाही, आणि ती मागे घेता येत नाही असेही नाही.

४. ‘बदलून टाकणारे’ उपचार

आमच्या अनुभवात पाळकीय चूक सर्वांत अधिक येथे होते. भूत काढणे, उपास घडवणे, कोंडून ठेवणे, मारहाण, विजेचे झटके, किंवा ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून घाईने लग्न लावणे, हे सर्व एकाच जातीचे आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात अशा बदलू पाहणाऱ्या उपचारांना मनाई केली, आणि त्यास अनुसरून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली ते डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जे डॉक्टरास निषिद्ध, ते वेदीपुढे उभे राहून आपण करावे काय?

लग्नाविषयी तर मंडळीचा कायदाही स्पष्ट आहे. बळजबरीने किंवा बाहेरून लादलेल्या गंभीर भयापोटी दिलेली संमती विवाह अवैध ठरवते, हे धर्मसंहितेच्या ११०३ व्या कलमात सांगितले आहे. औषध म्हणून लावलेले लग्न एका लेकरावर नव्हे, दोन लेकरांवर अन्याय करते.

२०१९ च्या पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायद्याने १२ व्या कलमात असे ठरवले की, पारलिंगी असल्याच्या कारणावरून कोणत्याही बालकास आईबापांपासून वा निकटच्या कुटुंबापासून वेगळे करता येणार नाही. बालकाच्या हिताकरिता न्यायालयाचा आदेश असेल तरच अपवाद. अशा कायद्यांत वेळोवेळी फेरबदल होत असल्याने प्रत्यक्ष प्रसंगी जाणत्या वकिलाला विचारावे. परंतु या कलमातील विवेक कायमचा आहे : मुलाचे स्थान घरात आहे. आम्ही लिहावयास घेतलेले बोर्डिंगचे पत्र आठवले की आजही मन खिन्न होते.

५. श्रद्धेचा प्रश्न

मंडळीच्या शिकवणीचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. तो टाळता येणार नाही. धर्मश्रद्धेविषयीच्या रोममधील विभागाने एप्रिल २०२४ मध्ये मानवी प्रतिष्ठेविषयीची ‘दिग्नितास इन्फिनिता’ ही घोषणा प्रसिद्ध केली. देह हे देवाचे दान असून ते प्रथम स्वीकारावयाचे आहे, लिंगबदलाच्या हस्तक्षेपाने गर्भधारणेपासून लाभलेल्या प्रतिष्ठेस धोका पोचू शकतो, असे तीत म्हटले आहे. ही शिकवण आम्ही सौम्य करून सांगत नाही. परंतु तीच घोषणा असेही सांगते की, प्रत्येक व्यक्तीची प्रतिष्ठा तिच्या परिस्थितीवर अवलंबून नाही. ज्या आधारे हस्तक्षेपावर आक्षेप घेतला, त्याच आधारे अपमान, मारहाण व बहिष्कार यांवरही आक्षेप येतो. एकाच वाक्याचा अर्धा भाग पुलपिटावरून वाचण्याचा अधिकार आपणांस नाही.

त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये याच विभागाने ब्राझीलमधील एका महागुरूंच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरास दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी संमती दिली होती. त्यात किशोरांचा स्वतंत्र उल्लेख आहे : अशा व्यथेत असलेली बालके व किशोर नीट तयारीचे व इच्छुक असतील तर त्यांना स्नानसंस्कार देता येतो. म्हणजे संस्काराचे दार त्यांच्यासाठी बंद नाही, हे आता अधिकृत लेखी उत्तर आहे. ज्या धर्मशिक्षकाने असे लेकरू आपल्या वर्गातून वगळले असेल, त्याने हे ध्यानी घ्यावे.

पवित्र शास्त्रात पारलिंगी किशोर नाही. षंढ आहे. दोन्ही एक नव्हेत, आणि ओढूनताणून त्यांना एक करणे बरे नव्हे. तरीही देहामुळे ज्याला सभेत स्थान नाही अशा माणसाविषयी शास्त्राची वाटचाल कोणत्या दिशेने होते, हे पाहण्यासारखे आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात अशा पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारला आहे. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात त्याच माणसाला परमेश्वर आपल्या घरात स्थान देतो, आणि पुत्रकन्यांहून श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी देशाच्या षंढ अधिकाऱ्याजवळ फिलिप जातो तेव्हा तो काही सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो, रथात चढून शेजारी बसतो, आणि मग पाणी दिसताच काही अडथळा आहे काय या प्रश्नावर दोघेही पाण्यात उतरतात. क्रम ध्यानात घ्यावा : प्रश्न, शेजारी बसणे, वचन, पाणी. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात नेमका उलटा क्रम धरला होता. आम्ही उत्तरापासून आरंभ केला.

६. धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी काय करावे

पहिले, ऐकावे, आणि ऐकताना निदान करू नये. लेकरू पारलिंगी आहे की नाही हे ठरवणे आपले काम नाही. ते घाईने ठरवणे डॉक्टरचेही नाही. ‘हे तात्पुरते वेड आहे’ असे म्हणू नये, तसेच ‘तू नक्की असाच आहेस’ असेही म्हणू नये. ‘तू सांगतोस ते मी ऐकतो आहे, आणि तू देवाचे लेकरू आहेस’, एवढे पुरे.

दुसरे, भाषा. मराठीत क्रियापदावाचून बोलता येत नाही आणि क्रियापद लिंग सांगते, म्हणून आपली अडचण इंग्रजी बोलणाऱ्यांहून मोठी आहे. परंतु आपल्या भाषेतच तिचा उपायही आहे. ‘तू जेवलीस का, जेवलास का’ याऐवजी ‘तुझे जेवण झाले का’ असे विचारता येते. ‘तुला काय वाटते’ यात लिंग नाही. ‘लेकरू’ हा शब्द नपुंसकलिंगी असूनही त्याइतका मायेचा शब्द दुसरा नाही. पापनिवेदनातील ‘मी पाप केले आहे’ या वाक्यातही बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होत नाही. स्नानसंस्काराच्या वहीतील नोंद आणि तोंडी हाक या दोन भिन्न गोष्टी आहेत; वहीला हात न लावता हाक बदलता येते.

तिसरे, जीवाचा धोका. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे, सरळ विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर त्या रात्री लेकराला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे दूर ठेवण्यास सांगावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मनःस्वास्थ्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर आहे. हे दोन्ही क्रमांक धर्मशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर लिहून ठेवावेत. पापनिवेदनात असे काही ऐकल्यास मुद्रा अभंग आहे. परंतु ‘हेच मला बाहेर बाकावर बसून पुन्हा सांगशील का’ अशी विनंती करता येते, आणि ती करावी. संस्काराबाहेर ऐकलेले गुपित जपावे. मात्र जीव धोक्यात असेल तर ते गुपित एकट्याने वाहू नये, आणि कोणाला सांगणार आहोत हे लेकराला आधी सांगावे.

चौथे, आईबाप. त्यांनाही मेंढपाळाची गरज असते. ‘आमचे काय चुकले’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यांना दोषी ठरवू नये आणि अमुक उपचारास संमती द्या वा देऊ नका असेही सांगू नये. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर बसून कागदावर लिहून द्यावे : हे औषध कशासाठी? न दिल्यास काय होईल? कोणता परिणाम परत फिरत नाही? थांबून पाहता येईल काय? या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देणारा डॉक्टर शोधावा. जो पहिल्याच भेटीत लेकराला हाकलतो किंवा पहिल्याच भेटीत संप्रेरके लिहून देतो, त्या दोघांकडूनही उठून यावे.

आरंभीच्या लेकराविषयी सांगून हा लेख संपवतो. डॉक्टरबाईंनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्यावर उपचार झाले. संप्रेरके त्या वयात दिली गेली नाहीत. आईने बांधण्याच्या पट्टीऐवजी सैल सदरे शिवून दिले. शाळेत जाणे पुन्हा सुरू झाले. आम्ही त्याच्या घरी जाऊन, वर्गासमक्ष झालेल्या चुकीबद्दल, घरच्यांसमक्ष क्षमा मागितली. ते काही बोलले नाही. दोन रविवारांनंतर वर्गाच्या दाराशी उभे राहून त्याने विचारले, “फादर, मी येतो?” आम्ही म्हटले, “ये.” त्या दिवशी व्याकरणाचा विषय निघाला नाही.